तपासेल हाये

माझ्या वडिलांनी आयुष्यात स्वतःसाठी एक जुनी मोपेड सोडली तर कुठलीच गाडी घेतली नाही. पण मेहकर-लोणारच्या पट्ट्यात कुणाला जुना ट्रॅक्टर, जीप किंवा मळणीयंत्र घ्यायचं झालं, की माणूस आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. बाबांनी एसटीच्या डेपोत तीस वर्षं इंजिनं उघडली होती. निवृत्त होऊन गावी आले, चार एकरांत कपाशी करू लागले, तरी गावाला ते मिस्त्रीच. मिस्त्री 'हाव' म्हणाले की गाडी घ्यायची, 'नाई' म्हणाले की आल्या पावली परत फिरायचं. किंमत वगैरे नंतरच्या गोष्टी.

हे सगळं मी शांत डोक्यानं लिहावं असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे त्याला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. शांत डोक्यानं लिहायचं असतं तर मी हे कधीच लिहून मोकळी झाले असते. दर वेळी बसते आणि दर वेळी पेन आपटून उठते.

तालुक्याच्या गावी एक कृषी केंद्र आहे. त्याच्या मालकाला सगळे शेठ म्हणतात. मीही शेठच म्हणते, कारण मला सुचणारे बाकीचे शब्द लिहिण्यासारखे नाहीत. शेठची एक लकब होती. बियाण्याचं पाकीट काउंटरवर ठेवायचं, त्यावर दोन बोटं आपटायची आणि म्हणायचं, "घेऊन जा. तपासेल हाये." कुणी तपासलं, कुठं, कधी, हे कुणी विचारत नसे. घरचं सोयाबीन असलं तर आम्ही शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, किती उगवले ते मोजतो, मग पेरतो. बीटी कपाशीच्या पाकिटात काय बघणार? पाकीट बंद, आतली सरकी रंगवलेली, वर बोंडांनी लगडलेल्या झाडाचं चित्र. बघायचं ते शेठचं तोंड.

त्या पाकिटात एक लहान पुडकं असायचं. त्यात साधी सरकी, बीटी नसलेली. ती शेताच्या कडेनं चारी बाजूंनी लावायची, म्हणजे अळीला खायला काहीतरी मिळतं आणि बीटीचं विष पचवायला ती शिकत नाही. आज हे मी पोपटासारखं सांगते. त्या वर्षी आमच्या गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. पाकिटात एक घडी घातलेला कागद असायचा, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. तो आम्ही पाकिटाबरोबर उकिरड्यावर टाकायचो. बाबांनी शेठला सरळ विचारलं होतं, या पुडक्याचं काय करायचं. मी बाजूला उभी होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं आहे.

"थ्याच्यानं नांग्या भरा, मिस्त्री," शेठ म्हणाला. "बी वाया काऊन घालता?"

नांग्या म्हणजे पेरलेल्या ओळीत जिथं दाणा उगवला नाही त्या मोकळ्या जागा. आमच्याकडे मोकळी जागा कुणाला बघवत नाही. बाबांना ते पटलं. गावानं त्यांना विचारलं, त्यांनी गावाला सांगितलं, आणि आमच्या सगळ्या शिवारात त्या पुडक्यांनी नांग्या भरल्या गेल्या. दिवाळीच्या सुमारास बोंडं फोडली तर प्रत्येक बोंडात गुलाबी अळी. बायका वेचायला जायच्या आणि कवडी झालेला, किडून पिवळा पडलेला कापूस ओटीत घेऊन रडत परत यायच्या.

अळी साऱ्या जिल्ह्यात आली होती, आमच्या गावानं नांग्या भरल्या म्हणून नव्हे. पण भरपाईसाठी केलेल्या तक्रारीच्या अर्जावर एक रकाना होता: लहान पुडकं कुठं लावलं? पंचनाम्याला कृषी खात्याचे साहेब आले, एकेकाला विचारत गेले. नांग्यात, नांग्यात, नांग्यात. कुणी सांगितलं? मिस्त्रीनं. शेठ तिथंच लिंबाखाली बाटलीतलं पाणी पीत उभा होता. बाबा म्हणाले, "मले शेठनं सांगतलं होतं." साहेबांनी मान वळवली. शेठनं झाकण नीट बसवलं आणि म्हणाला, "मी काऊन सांगीन? पाकिटात कागद असते. थ्यावर समदं लिहेल असते."

मी ओरडले. "मी होती ना तिथं! मी आयकलं!" साहेब म्हणाले, घरच्या माणसाची साक्ष धरत नाहीत. कागदावर उतरलं ते असं, की शेतकऱ्यांनी सूचना पाळल्या नाहीत. गावाची तक्रार निकालात निघाली आणि तिच्याबरोबर माझे वडीलही. कुणी भांडलं नाही, शिवी दिली नाही. नुसते यायचे थांबले. शेजारचे काका, ज्यांचा बांध आमच्या बांधाला लागून, दिवसातून दोनदा आमच्याकडे चहा घेणारे, ते रस्त्यात दिसले की बैलाची वेसण नीट करायला लागायचे. जुना ट्रॅक्टर घ्यायला लोक परस्पर जालन्याला जाऊ लागले. बाबा ओट्यावर बसून रस्ता बघायचे. दोन वर्षं मी हे पाहिलं, आणि रोज शेठला मनात एक नवीन शिवी दिली.

अशात एक दिवस शेठ आमच्या दारात उभा. हातात मिठाईचा डबा.

त्याला गाडी घ्यायची होती. साधी नाही, मोठी, परदेशी बनावटीची, काळी. मुलाची सोयरीक नागपूरकडच्या तालेवार घरी जमत होती आणि बैठकीला छोट्या गाडीतून उतरणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. नवी परवडत नव्हती, औरंगाबादला एक जुनी मिळत होती. "मिस्त्री, या गाड्यात लय फसवतात मानसाले," तो म्हणाला. "तुमच्यावानी नजर कोनाची नाई. माह्यासंगं चला. म्हनान थे देतो."

फसवतात मानसाले! माझ्या हातात परात होती, ती मी कशी खाली ठेवली ते माझं मला माहीत. मी आतल्या दारातून म्हटलं, "गाडीत कागद असते ना शेठ, थ्यावर समदं लिहेल असते." बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प बसले.

"मले काई नको," बाबा म्हणाले. "मी गाडी पाह्यतो. मंग तुमी एक डाव गावात या. पारावर चार मानसाइच्या समोर सांगा, नांग्या भरायचं कोनी सांगतलं होतं थे. बस."

शेठनं मिठाईचा डबा ओट्यावर ठेवला. "हाव," तो म्हणाला. "कबूल."

त्या रात्री मी बाबांशी भांडले. तो येणार नाही, आजवर कुठला शब्द पाळला त्यानं, तुम्ही त्याच्यासाठी कशाला झिजता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, सकाळी लवकर उठ, माझ्याबरोबर चल. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यांना बघायला माझे डोळे हवे होते. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि मी गावच्या शाळेत शिकवत होते; रजा टाकली. विनाअनुदानित शाळा, पगार नाहीच, रजेचं कसलं दुःख.

औरंगाबादला गाड्यांचं ते आवार मोठं झकपक होतं. गाडी तर अशी, की मलाही क्षणभर मोह पडला. शेठ तिच्याभोवती नवरीभोवती फिरावं तसा फिरत होता. तिथल्या विक्रेत्यानं एक छापील कागद पुढं केला, ढीगभर मुद्द्यांवर गाडी तपासल्याचा, प्रत्येकापुढं हिरवी खूण. बाबांनी कागद हातातही घेतला नाही. त्यांनी बोनेटवर तळहात ठेवला.

"गरम हाये," ते म्हणाले. "सकाळपासून चालू करून ठेवेल हाये. थंडी हू द्या, मंग पाह्यतो."

विक्रेता म्हणाला, अहो काका, गरम असो की थंड, इंजिन तेच. बाबा त्याच्याशी वाद घालत बसले नाहीत. आम्ही तीन तास झाडाखाली बसलो. शेठनं केळी आणली. तेवढ्या वेळात बाबांनी मला बाकीची गाडी बघायला लावली. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक आकडे असतात, ते वाच. मी वाचले. पाच काचांचे जुळले, एकीचे नाही. ती कधीतरी फुटून बदलली. ब्रेकच्या पायट्याचं रबर बघ. रबर घासून गुळगुळीत झालेलं, आणि मीटरवर मात्र गाडी जेमतेम धावलेली. बोनेटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे. मी सांगत होते, बाबा मान हलवत होते, आणि शेठ खिशातली डायरी काढून एकेक गोष्ट लिहून घेत होता. माणूस इतकं लक्ष देऊन ऐकू शकतो हे मला माहीत नव्हतं. आमच्या गावाचं म्हणणं त्यानं असं अर्धी ओळ जरी ऐकलं असतं!

"आता सीटचा पट्टा ओढ, माय. पुरा ओढ. संपेपर्यंत."

मी ओढत गेले. पट्टा स्वच्छ, काळाभोर. अगदी शेवटची वीतभर राहिली तेव्हा त्याच्यावर आडवी तपकिरी रेघ दिसली, पट्टीनं आखल्यासारखी. तिच्याखालचं कापड कडक झालेलं. मी सांगितलं. बाबा उठून गाडीपाशी आले. त्यांनी मला पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचलायला सांगितला. आत बोटं घातली तर पिठासारखा बारीक गाळ लागला. सीटखाली वायरींची जोडणी होती, तिच्या पितळेवर हिरवा गंज. गाडीत उंची अत्तर फवारलं होतं, पण गालिचा उचलल्यावर खालून ओल्या गोणपाटाचा वास आला.

बाबांनी डेपोतल्या एका जुन्या सोबत्याकडून गाडीचे दोष वाचणारं यंत्र मागवून घेतलं होतं. ते लावलं तर एकही दोष निघेना. शेठ खूश झाला. बाबा म्हणाले, "इतकी सोवळी गाडी नसते, शेठ. कोनीतरी आजच पुसलं हे."

मग थंड इंजिन चालू केलं. पहिले चार क्षण आतून साखळी खडखडली, मग आवाज दबला. गरम इंजिनात तो ऐकूच आला नसता. आणि बंद करून ठेवली, संध्याकाळपर्यंत थांबलो, तेव्हा गाडी मागच्या डाव्या अंगावर चार बोटं खाली बसली होती. अशा गाड्या हवेच्या पिशव्यांवर उभ्या राहतात, त्यातली एक गळत होती. पाय दुखावलेला बैल उभा राहतो तशी ती उभी होती.

"गाडी पान्यात बुडेल हाये," बाबांनी सांगितलं. "सीटपर्यंत पानी होतं. धुतली, वाळवली, रंगवली. पन वायरीत गेलेलं पानी आज नाई तं वरसानं उठते. इंजिन चालता चालता बंद पडीन. ब्रेक दगडावानी होईन, ष्टेरिंग जड होईन. घेऊ नका."

"दुरुस्त नाई होनार?"

"नाई."

"बरं झालं, मिस्त्री," शेठ म्हणाला आणि डायरी मिटली. "वाचवलं तुमी मले." आम्हाला त्यानं बसस्टँडवर सोडलं. मला इथं थोडं काम आहे, म्हणाला.

बसमध्ये बाबा खुशीत होते. दोन वर्षांनी त्यांचा हात एका इंजिनावर पडला होता. "आता थो येईन पारावर," ते म्हणाले. मी म्हटलं, "येते थो! वाट पाहा."

शेठ आला नाही. बाबांनी एकदा निरोप धाडला, एकदा स्वतः गेले. लगीनसराई आहे, मग खतांच्या गाड्या लागतील, येतो की मिस्त्री, पळून चाललो काय. तेवढ्यात जालन्याला बाबांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा नंबर लागला. आधी एक डोळा, मग दुसरा, आम्ही महिनाभर आत्याकडे राहिलो. परत आलो त्या दिवशी बाबांनी काळा चष्मा लावला होता आणि मी अजून पिशव्याही सोडल्या नव्हत्या, तर दारात शेजारचे काका. मागं काकू, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी.

दोन वर्षांनी ते आमच्या उंबऱ्यापाशी आले होते, आणि आले ते ओरडतच.

"दोनदा बुडवलं, मिस्त्री! एक डाव कपाशीत, एक डाव गाडीत!"

काकांची तीन एकर जमीन नव्या महामार्गात गेली होती. त्या पैशांतून त्यांनी गाडी घेतली होती, काळी, मोठी, शेठकडून. काकूंना घेऊन शेगावला निघाले, खामगावच्या अलीकडे उतारावर भर दुपारी गाडी चालता चालता मेली. ब्रेक दगडासारखा झाला. गाडी पुलाच्या कठड्याला घासत थांबली. काकू वाचल्या, हात मोडला.

"आपलं बोलनं नव्हतं," काका म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज फुटायला लागला. "पन मी म्हनलं, मानूस कपाशीत चुकला, गाडीत चुकनार नाई. शेठ म्हने, मिस्त्री औरंगाबादले गेले, दिवसभर पाह्यली, पोरगी गाडीखाली शिरली. मिस्त्रीनं तपासेल हाये. मी डोये झाकून पैसे देल्ले!"

मला सगळं एका दमात कळलं. शेठनं डायरीतला एकेक दोष विक्रेत्याच्या तोंडावर मारून भाव पाडला होता. गाडी मातीमोल भावात उचलली, मुलाच्या बैठकीपुरती मिरवली, आणि मग गावात आणून माझ्या वडिलांच्या नावावर विकली. जो माणूस वडिलांशी बोलत नव्हता, त्यालाच. आणि तो माणूस बोलत नव्हता तरी बाबांच्या नजरेवर विश्वास ठेवून होता. दोन वर्षं बाबा ओट्यावर बसून ज्या विश्वासाची वाट बघत होते तो शेजारच्या घरात जिवंत होता, आणि शेठनं तोही विकून खाल्ला. मी काकांना सांगितलं, बाबांनी घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. काका म्हणाले, आता काऊन सांगून राह्यल्या? त्यांचं काही चुकलं नाही. मीही तेच म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना आणि काकांना घेऊन शेठच्या दुकानात गेले. पेरणी तोंडावर आली होती, बियाण्याची रांग रस्त्यापर्यंत. रांगेत आमच्या गावचे निम्मे लोक. मी रांग मोडून काउंटरपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, गाडी बुडालेली आहे हे बाबांनी सांगितलं होतं की नव्हतं?

शेठ चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मी काय म्हनलो होतो?" त्यानं काकांना विचारलं. "मिस्त्रीनं चांगली सांगतली, असं म्हनलो का? आठवा बरं. मी म्हनलो, मिस्त्रीनं तपासेल हाये." मग तो बाबांकडे वळला. "तपासली होती का नाई, मिस्त्री?"

बाबा खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा जुना आजार. "हाव," ते म्हणाले. "तपासली होती."

"मंग मी खोटं काय बोललो?"

रांगेत कुणीतरी हसलं. माझं डोकं फिरलं. काउंटरवर बियाण्याच्या पाकिटांची चळत होती, ती मी दोन्ही हातांनी झोडून खाली पाडली. पाकिटं रस्त्यापर्यंत उधळली. आणि मग जे झालं त्याचा राग मला शेठच्या रागाहून जास्त आहे. रांगेतले लोक वाकले, त्यांनी एकेक पाकीट उचललं, धूळ झटकली आणि काउंटरवर पुन्हा नीट रचून दिलं. कुणी मला काही बोललं नाही. उद्या-परवा मातीत टोबायची असलेली सरकी होती ती, दुसऱ्या दुकानात ते वाण संपलं होतं.

तेवढ्यात बाबा बोलले. शेठशी नाही, रांगेशी. "नांग्याचं मले यानंच सांगतलं होतं. पन तुमाले मी सांगतलं. आतला कागद मी वाचला नाई. गाडीची काच न् काच पाह्यतो, अन् जिवाची कपाशी न पाह्यता सांगतली. थे माह्यं चुकलं."

मी दोन वर्षं समजत होते की ते शेठमुळं झुरतात. ते स्वतःवर चिडलेले होते. हे मला त्या दुकानात, धुळीत उभं राहून कळलं, आणि तेव्हाही मला राग बाबांचाच आला. कशाला कबूल करायचं त्याच्या दारात? शेठनं पुढच्या माणसाचं पाकीट काउंटरवर ठेवलं आणि दोन बोटं आपटली.

चार दिवसांनी काका एकटे आमच्याकडे आले. ओट्यावर बसले. काही वेळ पावसापाण्याचं बोलले. मला वाटलं, गाडं रुळावर आलं. मग त्यांनी मुद्दा काढला.

गाडी त्यांनी खामगावहून ओढून आणली होती. एका कारागिराकडून चालू करून घेतली, घासलेली बाजू रंगवून घेतली. संग्रामपूरकडचं गिऱ्हाईक येणार होतं, एक प्राथमिक शिक्षक. "तुमचं नाव थिकडं बी ठाऊक हाये," काका म्हणाले. "तुमी निसते गाडीजवळ उभे राहा. खोटं बोला असं मी म्हनतच नाई. इचारलं तं म्हना, तपासेल हाये. थे तं खरंच हाये ना?"

बाबांनी काळा चष्मा काढून पुसला.

"अन् मंग मी सोता पारावर सांगतो," काका पुढं म्हणाले. "नांग्याचं शेठनंच सांगतलं होतं, मिस्त्रीचा दोष नाई, म्हनून. दुकानात तुमी सांगतलं, पन कोनी मनावर घेतलं नाई. माह्यं गाव आयकते, मिस्त्री. तुमाले ठाऊक हाये."

खरं होतं ते. काकांचा शब्द गावात चालायचा. त्यांनी पारावर उभं राहून एक वाक्य म्हटलं असतं तर गाव दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आलं असतं. शेठनं द्यायचं कबूल केलेलं आणि बुडवलेलं जे होतं, तेच काका देत होते, आणि काका देणारे होते. बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "येतो."

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. स्वतःच्या बापाला बोलू नये ते सगळं बोलले. ज्या काकूंचा हात मोडला त्या शेजारी बसून भाजी निवडतात, आणि तीच गाडी दुसऱ्या बाईच्या पायाखाली द्यायला तुम्ही उभे राहणार? काकांना शेठची रीत चार दिवसांत कशी पाठ झाली? त्यांनी जेवण केलं आणि कूस बदलून झोपले.

सकाळी ते धुतलेला सदरा घालून निघाले. मीही मागोमाग गेले, कारण मला ते बघायचंच होतं. गाडी काकांच्या अंगणात उभी होती, काकू झोळीतला हात सांभाळत दारात बसल्या होत्या; शिक्षक आणि त्यांची बायको बसनं आले होते. बाई गाडीत बसून सीटवरून हात फिरवत होती, शिक्षक चाकांना लाथ मारून बघत होते, लोक मारतात तसं, काही कळत नसताना. बाबा बोनेटपाशी उभे होते, काळा चष्मा लावून. फाटकापाशी गावचे पाच-सात लोक जमलेले. काकांनी बोलता बोलता हात केला, "हे आमचे मिस्त्री."

शिक्षकांनी हात जोडले. "नाव आयकून हाओ तुमचं," ते म्हणाले. "मंग, मिस्त्री, तपासेल हाये ना?"

"हाव," बाबा म्हणाले.

काकांनी खिशातून किल्ली काढली. मी डोळे मिटून घेतले.

"मीच तपासेल हाये," बाबा म्हणाले. "म्हनूनच सांगतो, घेऊ नका. बुडेल गाडी हाये. या माउलीचा हात याच गाडीत मोडला."

मग शिक्षकांची बायको हळूच गाडीतून उतरली आणि तिनं दार लोटलं. शिक्षकांनी काकांकडे बघितलं, काकूंच्या झोळीकडे बघितलं, बाबांना पुन्हा हात जोडले, आणि दोघं बसथांब्याच्या रस्त्याला लागले.

"आता या गावात तुमचं कोनी आयकनार नाई," काका म्हणाले. ते ओरडले नाहीत. फाटकापाशी उभे असलेले लोक एकेक करून पांगले, आमच्याकडे न बघता.

बाबा रस्त्याकडे बघत होते. नवी नजर आलेली होती, त्यांना आता लांबचं दिसत होतं. ते दोघं नवरा-बायको वळणापर्यंत पोचले होते.

"त्याइनं आयकलं," बाबा म्हणाले.